बाळीवेशीतली वेस कुठे गेली? सोलापूरच्या आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त, सोलापूर महानगरपालिका यांस,
सप्रेम नमस्कार.

रिक्षात बसून "बाळीवेस" एवढे म्हटले की पुरते. तुळजापूर वेस, विजापूर वेस यांचेही तसेच. पण वेस म्हणजे गावकुसाचा दरवाजा, असे मी नातीला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मग भिंत कुठाय?" तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हते, म्हणून हे पत्र.

तट म्हटला की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो. तो आहेच तसा: बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. जुन्या देवळांचे कोरीव दगड त्याच्या भिंतींत बसवलेले आजही दिसतात. हाच किल्ला १५२३ मध्ये आदिलशाही राजकन्येच्या हुंड्यात द्यायचा ठरला, दिला गेला नाही, आणि त्यावरून विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान्‌पिढ्या लढत राहिले. किल्ल्याकडे निदान पुरातत्त्व खाते बघते.

मी बोलतो आहे ते शहराच्या कोटाबद्दल. त्याचा घेर सुमारे अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर होता. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोची फौज आली तेव्हा तिला आधी हाच तट ओलांडावा लागला. शिड्या लावून पेठ घेतली, मग किल्ल्यावर तोफा डागल्या आणि काही दिवसांतच किल्लाही पडला. सोलापुरातली पेशवाई संपली ती अशी.

पुढे १८६० मध्ये रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, वस्तीला जागा पुरेना. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेनेच पूर्वेकडचा तट आणि इतर बाजूंचे काही भाग उतरवले. त्या निर्णयाला मी दोष देत नाही. शहराला श्वास घ्यायला जागा हवी होती, पाचच वर्षांत इथे गिरणी सुरू झाली. मला सलते ते एवढेच की, तट कुठून कुठे जात होता याची एक खूणही आपण ठेवली नाही.

म्हणून विनंती आहे. पालिकेचे जुने दप्तर आणि जुने नकाशे काढून तटाची रेषा आजच्या सिटी सर्व्हेच्या नकाशावर आखावी. ती जिथे रस्ता ओलांडते, तिथे डांबरात काळ्या दगडाची पट्टी बसवावी. तिन्ही वेशींत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत फलक लावावेत, कारण या वेशींतून ये-जा करणारी माणसे या चारही भाषा बोलतात. आणि त्या रेषेवर नवे बांधकाम किंवा रस्ता रुंदीकरण मंजूर करण्याआधी जमिनीखाली तटाचा जुना दगड लागतो का, हे कुणीतरी जाणकाराने जाऊन पाहावे. हे शेवटचे सगळ्यांत तातडीचे आहे. एकदा जेसीबी फिरला की मागाहून नकाशा काढून काय उपयोग?

दर संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, हे मानकऱ्यांना कुणी सांगावे लागत नाही. त्याच गावाला स्वतःच्या कोटाची रेषा ठाऊक नसावी, हे मनाला लागते.

पुढच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या या यात्रेच्या, आधी निदान बाळीवेशीतला फलक उभा राहिला, तर नातीला घेऊन मी पहिल्याच दिवशी तिथे येईन.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक रहिवासी