मुठीतला बर्फ नको, पानावरचा दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरचा पारा उतरला की वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसराची बातमी येते आणि तिच्याबरोबर ठरलेले छायाचित्रही येते: जीपच्या टपावरून किंवा गवतावरून खरवडून हातात धरलेला पांढरा चुरा. त्यातून थंडी किती पडली हे कळते. पण ज्यासाठी माणूस पहाटे उठून तिथवर जातो, ते त्यात नसते; खरवडताक्षणी ते मोडून गेलेले असते. स्ट्रॉबेरीच्या एका पानाच्या कडेवर रात्रभरात हिमकणांचे जे नक्षीकाम रचले जाते ते फार देखणे असते आणि साध्या मोबाइलनेही टिपता येते. ते टिपायचे कसे आणि चुकते कुठे, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

आधी शब्दांविषयी. 'महाबळेश्वरात बर्फ पडला' असे सर्रास लिहिले जाते, पण इथे आभाळातून काहीच पडत नाही. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. मग हवेतला ओलावा दोन वाटांनी त्यांच्यावर बसतो. हवा बऱ्यापैकी दमट असेल तर आधी दव पडते आणि उत्तररात्री ते गोठते. त्याचे काचेसारखे पारदर्शक मणी होतात. हवा कोरडी असेल तर बाष्प पाणी न होता थेट स्फटिक बनते. त्याच्या पांढऱ्या सुया आणि बारीक पिसे दिसतात. 'दवबिंदू गोठले' हा मथळा पहिल्या प्रकाराला शोभतो, दुसऱ्याला नाही. एकाच वाफ्यात दोन्ही प्रकार सापडू शकतात, आणि छायाचित्र काढणाऱ्याला हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण दोघांना लागणारा प्रकाश वेगळा आहे.

बाजारपेठेत पारा ८-१० अंशांवर असताना वेण्णा तलावाकाठचे गवत पांढरे कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. थंड हवा जड असते. ती उतारावरून ओघळत खोलगट जागी साचते, आणि तलावाच्या आसपासची जमीन अशीच आहे. शिवाय हवामान केंद्रात तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत. उघड्यावरच्या गवताचे पाते त्याच वेळी त्याहून ३ ते ५ अंशांनी थंड असू शकते. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊन बेत रद्द करू नये. आदल्या संध्याकाळी आभाळ पाहावे आणि वारा पाहावा. ढग आले तर पानांची उष्णता अडते. वारा सुटला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. दोन्हींपैकी काहीही झाले तरी सकाळी वाफे कोरे मिळतात. झाडाखालचे गवत कोरे आणि चार पावलांवरचे मोकळे गवत पांढरे, हेही त्याच कारणाने: फांद्यांचे छत त्या गवताला आभाळ दिसू देत नाही. हिमकण शोधायचे ते उघड्या गादीवाफ्यात, जेटीच्या फळ्यांवर, मोकळ्या गवतात.

त्यातही स्ट्रॉबेरीचे पान पाहावे. त्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि देठावर बारीक लव असते. कडा, टोके आणि लव लवकर थंड होतात व तिथे बाष्पही सहज पोचते, म्हणून स्फटिक आधी तिथे धरतात आणि पानाला पांढरी किनार येते. दुसरी गंमत तर या पानाची स्वतःची आहे. रात्री मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी हे झाड दात्यांच्या टोकांवरच्या रंध्रांतून बाहेर टाकते. ते दव नसते, झाडाचेच पाणी असते. पहाटे प्रत्येक दात्यावर एकेक थेंब, आणि पुरेसे गारठले तर एकेक गोठलेला मणी. कडेला मण्यांची माळ आणि मधल्या हिरव्या भागावर सुयांची पांढरी साय, असे पान मिळाले तर सारी सकाळ त्या एकाच पानावर घालवावी. गवताची पाती, नेचे, कोबीची मेणचट पाने आणि गुलाबाच्या वाळक्या पाकळ्यांवरही हिमकण छान धरतात. मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या, काळ्या प्लास्टिकवर ते सर्वांत ठळक दिसतात, पण चित्रात प्लास्टिक प्लास्टिकच दिसते.

जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सातनंतर लगेच होतो. सव्वासहापर्यंत जागेवर पोचावे, म्हणजे पाने निवडायला वेळ मिळतो. काम दोन टप्प्यांत होते. ऊन येण्याआधीच्या निळसर उजेडात सुया टिपाव्यात, कारण तो उजेड मऊ असतो आणि सुयांची रचना उलगडून दाखवतो. इथे कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, फसतो. पांढरे जास्त दिसले की तो चित्र करडे करतो, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) ०.७ ते १ स्टॉपने वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोवर ठेवला की कॅमेरा निळी छटा पुसू पाहतो आणि गारठाही तिच्याबरोबर जातो. ५०००-५५०० केल्विनवर तो पक्का करावा. दुसरा टप्पा ऊन वाफ्यावर पोचल्यापासूनची १५-२० मिनिटे. आता मण्यांकडे वळावे. सूर्य पानाच्या मागे किंवा तिरका मागच्या बाजूला ठेवावा, पार्श्वभूमीला सावलीतला गर्द उतार घ्यावा आणि भिंगावर थेट ऊन पडू नये म्हणून हाताचा आडोसा धरावा. आता मीटर उलटा फसतो: गडद पार्श्वभूमी पाहून तो चित्र उजळतो आणि मण्यांमधली चमक जळून सपाट पांढरी होते. एक्स्पोजर ०.७ स्टॉपने उतरवावे आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवावी.

मॅक्रो भिंग असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरचे सोयीचे, कारण पानापासून लांब राहता येते. पूर्ण आकारात, म्हणजे एकास एक (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच), भिंगाचे छिद्र एफ ८ वर असताना फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. अर्ध्या आकारात सुमारे तीन मिलिमीटर. बहुतेकांचे चित्र इथेच बिघडते: कॅमेरा तिरका धरला जातो, दोन दाते स्पष्ट येतात आणि उरलेली कड विरघळते. सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) पानाच्या प्रतलाला समांतर ठेवला की हे अर्ध्याहून जास्त सुटते. छिद्र एफ १६ च्या पुढे नेऊन काही मिळत नाही, विवर्तनाने (अरुंद छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडते. पुढपासून मागपर्यंत स्पष्ट हवे असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत ८ ते १५ फ्रेम घ्याव्यात आणि घरी जोडाव्यात. ट्रायपॉड इतका खाली जात नसेल तर किलोभर तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. पान हलत असेल तर १/१२५ पेक्षा मंद शटर नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० करावा लागला तरी चालेल.

मोबाइलवाल्यांची एक चूक हमखास होते. मॅक्रो मोडमध्ये फोन पानापासून तीन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो. त्याची सावली पडते आणि हाताची ऊब लागून सुया डोळ्यांदेखत बसतात. फोनला टेलिफोटो भिंग असेल तर दोन-तीन पट झूम करून, फोकस बसेल तेवढे लांब राहून काढावे आणि नंतर कापावे. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर पक्के करावे, नाहीतर दर फ्रेमला उजेड बदलतो.

हिमकणांचा सर्वांत मोठा शत्रू मात्र छायाचित्रकाराचा श्वास. जवळून सोडलेला एक उच्छ्वास सुया वितळवायला पुरतो. मफलर नाकावरून घ्यावा, वाऱ्याची झुळूक असेल तर ती पानाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावे, शटर दाबताना श्वास धरावा. अमेरिकेतील व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. दव आणि हिमकणांचीही त्याने छायाचित्रे काढली. एवढे सगळे त्याने थंडगार, न तापवलेल्या जागेत बसून केले.

आता एक कळकळीची गोष्ट. हे वाफे कुणाच्या तरी पोटाचे आहेत. स्ट्रॉबेरीचे उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपास मरते. पाकळ्या पांढऱ्याच राहतात आणि मधला पिवळा भाग काळा पडतो, त्या फुलाला फळ धरत नाही. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना हीच भीती असते, म्हणून ते पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. ज्या सकाळी आपण हरखून जातो, त्याच सकाळी शेतकरी फुले उलटून पाहत असतो. म्हणून विचारल्याशिवाय वाफ्यात उतरू नये, बांधावरूनच काढावे. गोठलेले पान ठिसूळ असते. ते वाकवले की आतल्या पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत तिथे तपकिरी डाग येतो. गोठलेल्या गवतावर चालले तरी तेच होते. हिमकण 'वाढवण्यासाठी' पाणी फवारणे तर मुळीच नको. त्याने खोटे मणी मिळतात आणि एखादे फूल हकनाक जाते.

परत निघताना कॅमेरा उघडाच गरम गाडीत किंवा हॉटेलच्या खोलीत नेला की भिंगावर आणि आतही पाणी धरते. बाहेर असतानाच तो झिपच्या पिशवीत घालावा, हवा काढून तोंड बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नये. पाणी धरायचे ते पिशवीला बाहेरून धरते. कार्ड आधीच काढून ठेवले तर चित्रे तोवर पाहता येतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवावी.

आपल्याकडे एवढेच मागणे आहे. या हंगामात वाचकांकडून किंवा वार्ताहरांकडून छायाचित्र येईल तेव्हा मुठीतल्या चुऱ्याऐवजी जागच्या जागी असलेले पान छापावे. चित्राखालच्या ओळीत झाडाचे नाव, जागा आणि वेळ द्यावी, आणि तापमान दिले तर ते बाजारपेठेचे की तलावाकाठचे, हवेचे की गवताच्या पातळीवरचे, हेही लिहावे. उदाहरणार्थ: 'स्ट्रॉबेरीच्या पानावर गोठलेले थेंब, वेण्णा तलाव परिसर, सकाळी ६.५०.'

आपला,
एक वाचक, सातारा