पडदा शाबूत, कान गेलेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेची बातमी वाचली. मथळा होता, ‘कानाचे पडदे फाडणारा आवाज’. मी इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, होतो. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि दोन्ही पडदे धडधाकट आहेत. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिले आणि म्हणाले, “पडदे एकदम छान.” मग बिघडलंय काय?

श्रवणचाचणी करणाऱ्या बाईंनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली नळी. तिच्यात एक लांब पट्टी आणि पट्टीवर केसपेशींच्या रांगा. आतल्या रांगेत सुमारे ३,५००, बाहेरच्या तीन रांगांत मिळून १२,००० च्या आसपास. ३,५०० म्हटल्यावर मला हसू आलं. आमच्या एका बीमावर, म्हणजे मागाच्या मागच्या रुळावर, ताण्याचे उभे धागे साधारण तेवढेच असतात!

हे केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत. (लसूण घालून कोमट केलेलं तेल मी वर्षभर कानात सोडलं, ते तिथवर पोचतच नाही.) प्रत्येक पेशीच्या माथ्यावर बारीक तुरा असतो, पायऱ्यांसारखा चढत्या उंचीचा. आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला एका धाग्याने बांधलेलं. आवाजाने पट्टी थरथरली की तुरा उंच बाजूला कलतो, धागा ताणला जातो आणि बारीक दार उघडतं. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम आत शिरतं, पेशीच्या बुडाशी रसायन सुटतं आणि तिथून मज्जातंतू निरोप मेंदूकडे नेतो. तुरा उलटा कलला की दार बंद. हे एका सेकंदात शेकडो, हजारो वेळा. बाहेरच्या रांगांचं काम वेगळं. त्या पेशी स्वतः आखडतात, लांबतात आणि बारीक आवाज मोठा करून देतात. गोंगाटाने आधी मरतात त्या याच.

नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पाळीनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजायची. सुट्टीच्या दिवशी बंद व्हायची. आम्ही म्हणायचो, कान सरावला. तो सरावत नव्हता. तुटलेला धागा शरीर एकदोन दिवसांत पुन्हा जोडतं, जशी मागावर कारागीर गाठ मारतो. पण रोज तेच चाललं तर पेशीच मरते, आणि माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते म्हणे. असो.

पट्टीचा तोंडाकडचा भाग बारीक, उंच आवाजांचा. माझ्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झला, म्हणजे अशाच उंच आवाजाला, मोठा खड्डा आहे. स, श, फ यांसारखी अक्षरं त्याच बाजूला जातात. बायको म्हणते, “सात वाजले,” मला ऐकू येतं, “हात वाजले.” ती ओरडून सांगते, तेव्हा हात आणखी मोठ्याने वाजतात. कानाचं मशीन घेतलंय, उपयोग होतो, पण गेलेली अक्षरं पूर्ण परत येत नाहीत.

मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं एक रात्र उभी असतात. आमची पोरं धोट्याच्या खडखडाटात रोज आठ तास, कधी बारा. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शेडमध्ये ती मोजायला आलेला माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. मालकाला दोष देत नाही, तोही त्याच शेडमध्ये बसून बहिरा झाला.

यंत्रमाग कामगारांसाठी आरोग्य शिबिरं होतात. साखर, बीपी, डोळे तपासतात आणि चहा-बिस्किट देऊन पाठवतात. तिथे कानाचाही आलेख काढावा, नव्या पोराचा कामाला लागतानाच, म्हणजे खड्डा कधी पडायला लागला ते कळेल. आणि इअरप्लग खोक्यात ठेवू नयेत, हातात द्यावेत. शिबिराची बातमी आपण छापताच. पुढच्या वेळी आपल्या बातमीदाराने एवढं विचारावं, कान तपासले का?

आपला,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी