वस्तऱ्याची पाठ दगडावरून उचलायची नाही: फोंड्याच्या काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न.

सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लागतं, आणि ते रास्तच आहे. पण त्यामुळे दगडावर वस्तरा पाजवणारा हात शोधून सापडत नाही. तुम्ही तो हात आम्हाला मोकळ्या मनाने दिलात. त्याचे आभार मानताना तुमची शिकवण इथे लिहून ठेवतो. ती नुसती तोंडी राहू नये.

पहिल्या दिवशी तुम्ही वस्तऱ्याला हातच लावू दिला नाहीत. दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पसरायचा आणि शेवटची रेघ पुसेपर्यंत दगड घासायचा. कोयत्याला पायरीचा चिरा चालतो. वस्तऱ्याचा दगड मात्र काचेसारखा सपाट हवा, नाहीतर धार पूर्ण लांबीला टेकतच नाही.

मग १००० नंबरचा दगड; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या. कोन मोजायची गरज नाही, तो पाठीच्या जाडीतूनच ठरतो, साधारण १६-१७ अंश. सुरीच्या सवयीने पाठ जरा उचलली की धार गेली. पातं सुमारे ७५ मिलिमीटर लांब आणि दगड त्याहून अरुंद, म्हणून टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकाकडे सरकत तिरका हात मारायचा, धार पुढे ठेवून. पलटी पाठीवरून, धारेवरून कधीच नाही.

धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढून दोन हात मारायला लावायचात, त्याचं मोल आज कळतं. शाई टाचेजवळ उरली तर हात चुकतोय. अगदी काठावर उरली तर उतार अजून काठापर्यंत पोचलेला नाही. दिव्याखाली धार वर करून बघितली की जिथे ठिपका चकाकतो तिथे धार नाही. लागलेली धार दिसतच नाही. आणि धार नीट बसली की पात्यापुढे पाण्याची बारीकशी लाट चालते, पाणी पात्यावर चढतं. ही लाट तुम्ही बोट ठेवून दाखवली नसती तर आमच्या नजरेला पडली नसती.

सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीसाठी. दाढी करताना वस्तरा केस ओढायला लागला की माणूस ८००० च्या दगडावरच आणखी घासत बसतो. तुम्ही दर वेळी १००० वर परत पाठवलंत, कारण दोष बहुतेक वेळा तिथलाच असतो. ४००० आणि ८००० खालच्या दगडाचे ओरखडे काढतात, १२००० झिलई देतो. न बसलेली धार यांतला एकही बसवत नाही. वर जाताना दाब कमी करत न्यायचा, शेवटी फक्त पात्याचं वजन. जोर दिला की पातळ पातं वाकतं आणि काठावर पोलादाचा पापुद्रा उभा राहतो. पहिल्या दाढीला तो गुळगुळीत वाटतो, दुसऱ्या दाढीला तुटतो.

दगडानंतर कॅनव्हास आणि चामड्याच्या पट्ट्यावर उलट चाल: पाठ पुढे, धार मागे. कॅनव्हासवर २०, चामड्यावर ५० फेऱ्या, पट्टा ताणून. ढिल्या पट्ट्यावर धार गोल होते.

पावसाळ्यासाठीची तुमची ताकीदही पाळतो. आपल्या दमट, खाऱ्या हवेत पोलादावर तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही, आणि ठिपका धारेवर आला की पुन्हा १००० पासून सुरुवात. म्हणून पातं कोरडं पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. खोबरेलही नको, ते खवट होतं.

देव बरें करूं, काका. तुमचा १००० चा दगड सपाट करून, सावलीत सुकवून ठेवलाय. रविवारी सकाळी आणून देतो.

तुमचे,
दगडावर हात बसलेले आम्ही सगळे