अकराव्या वचनाच्या वरचे दहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील चिंतनपर सदरात बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायातले ११वे वचन पुन्हा एकदा वाचनात आले. परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा आशयाचे हे वचन दिनदर्शिकांवर आणि शुभेच्छापत्रांवर इतके दिसते की ते कोणाला, कधी लिहिले गेले हे विचारायचेच राहून जाते. पत्नीच्या निधनानंतरच्या आठवड्यात मलाही ते नऊ जणांनी पाठवले. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण नवव्या वेळी मी मोबाइल पालथा ठेवला आणि बायबल काढून तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. ११वे वचन मी पूर्वी कधीतरी पिवळ्या शाईने इतके गडद रंगवले होते की ती मागच्या पानावर उतरली होती. त्याच्या वरचे १०वे वचन मात्र कोरे होते, आणि बंदिवासातून परतणे ७० वर्षांनी घडेल, असे त्यात म्हटले आहे.

हा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. इ. स. पूर्व ५९७च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून (जेरुसलेमहून) बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे छातीठोकपणे सांगताना दिसतो. त्यावर यिर्मया आधी ‘आमेन’, म्हणजे ‘तसे होवो’, म्हणतो, ही बारीकशी गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यालाही तसेच व्हायला हवे होते. पण ७० वर्षे म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता.

मग त्यांनी जगायचे कशासाठी? याचे उत्तर ५ ते ७ या वचनांत आहे, आणि ते भिंतीवर क्वचितच कोणी लावते: घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या नगरासाठी! दुःख ओसरले की मग जगू, असे मी ठरवून बसलो होतो. त्या पत्रात अशी मुभा कुणालाच दिलेली नाही. ते वाचून मला बरे वाटले असे म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीचे कपाट मात्र आवरायला घेतले, जे सहा दिवस उघडवत नव्हते.

श्रद्धा म्हणजे मनाची गुंगी, असा आक्षेप घेतला जातो. सुटी वचने गोळीसारखी घेतली तर तो खराही ठरतो. परंतु याच शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘उपदेशक’ या पुस्तकाचा वक्ता ‘सर्व काही व्यर्थ’ म्हणतो, आणि त्यासाठी वापरलेल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ श्वास किंवा वाफ, मुठीत न येणारी, असा होतो. सारे काही गमावलेल्या ईयोबाला तर त्याच्या नावाच्या पुस्तकात ३८व्या अध्यायापासून देवाकडून उत्तराऐवजी प्रश्नच ऐकावे लागतात. ख्रिस्ती श्रद्धेने आयुष्याला दिलेला अर्थ या पानांना वगळून सांगता येत नाही.

सदराच्या लेखकांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी जागा थोडी असली तर चिंतन आखडते घ्यावे आणि ५वे वचन ते ११वे वचन सलग छापावे. स्मरणसभेत शास्त्रपाठ करणाऱ्या पाळकांनाही माझे हेच सांगणे आहे.

आपला,
एक वाचक