पाणबुडीच्या परीक्षेत नापास

पणजी
रविवार

प्रिय दिग्या,

तुझा व्हॉइस मेसेज चतुर्थीला भर पंगतीत वाजला. "लायसन्स मिळालं की पहिला पॅसेंजर मी!" पाणबुडी चालवायला शिकतोय हे आईला मी बोललोच नव्हतो रे. तिला वाटत होतं, शेठच्या यॉटचं इंजिनच बघतोय अजून. नंतर नेवऱ्यांचं ताट माझ्यापर्यंत आलंच नाही, ते तुझ्या खाती लिहून ठेवलंय.

आणि लायसन्स म्हणजे आरटीओचं कार्ड डोळ्यांपुढे असेल तर विसर. असल्या हौशी पाणबुड्या चालवायला जगभर चालेल असा एक परवाना नाही. ज्या कंपनीची पाणबुडी, तीच शिकवते आणि आपल्या मॉडेलपुरतं सर्टिफिकेट देते. डीएनव्ही, एबीएस या जहाजांना सुरक्षिततेचा दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्था तपासतात ती पाणबुडी, चालवणारा नाही. २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला गेलेली टायटन फुटून पाच जण गेले ना, तिचं तर वर्गीकरणही झालेलं नव्हतं.

शेठची पाणबुडी दोन माणसांची आहे, वर ॲक्रिलिकचा घुमट. आत दाब घरातल्याइतकाच, त्यामुळे स्कूबावाल्यांसारखं थांबत थांबत वर यावं लागत नाही. जॉयस्टिक तर तुझा पोरगा दुपारभरात शिकेल. घाम फुटतो तो दुसऱ्याच गोष्टींना.

तिसऱ्या दिवशी शेडमध्येच हॅच लावून ट्रेनर माझ्या शेजारी बसला. गप्पा मारता मारता त्याने कधी एक पंखा बंद केला, मला कळलंही नाही. दहाएक मिनिटांनी अलार्म वाजला आणि माझा हात गेला तो थेट ऑक्सिजनच्या नॉबवर. "नापास," तो म्हणाला. ऑक्सिजन २०.५ टक्के होता, कमी नव्हताच! आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडालाइमच्या डब्यात शोषला जातो, आणि त्या डब्यातून हवा ढकलतो तो हा पंखा. तो थांबला की ऑक्सिजनच्या बाटल्या भरलेल्या असल्या तरी माणूस मरतो.

मग त्याने १९७३ ची गोष्ट सांगितली. फ्लोरिडात 'की वेस्ट' बेटाजवळ जॉन्सन सी लिंक नावाची पाणबुडी बुडवलेल्या युद्धनौकेच्या केबलांत अडकली. पुढे ॲक्रिलिकच्या गोळ्यात दोघे, मागे ॲल्युमिनियमच्या कप्प्यात दोघे. ॲल्युमिनियम समुद्राइतकं गार पडलं, गारठ्याने शोषणारं रसायन मंदावलं. पाणबुडी सोडवून वर आणली तोवर मागचे दोघे गेले होते. पुढचे वाचले. एकच पाणबुडी, मधे एक भिंत. त्या रात्री मी पंखा लावूनही झोपलो नाही.

वजनाच्या पेपरात मात्र बाबांनी तारलं. प्रश्न होता, बाहेर समुद्रात तोललेली पाणबुडी पावसानंतर मांडवीच्या मुखाशी आणली तर काय होईल? बाबा ट्रॉलरवर तांडेल, "वर गोडं, खाली खारं" हे मी जेवताना शंभरदा ऐकलंय. खारं पाणी घनमीटरला साधारण १,०२५ किलो, गोडं १,०००. आमची पाणबुडी चार घनमीटर पाणी सारते, म्हणजे गोड्या थरात शिरली की ती शंभर किलो जड. तेवढं पाणी टाकीतून बाहेर टाकता आलं नाही तर खाली जातच राहते, खारं पाणी लागेपर्यंत! ट्रेनरने विचारलं, कुठे शिकलास? मी म्हटलं, आंबाड्याचं सासव खाताना. त्याला काय कळणार.

फेरपरीक्षा नोव्हेंबरात, पाणी नितळल्यावर. तेव्हाही ग्रँड आयलंडजवळ चार-पाच मीटरपुढचं दिसेल अशी आशा धरू नकोस. शेठला कोणी सांगितलं नाहीये हे, मी तर मुळीच सांगणार नाही.

तुझ्या पहिल्या पॅसेंजरगिरीबद्दल. प्रवाशाचं वजन बघून शिशाच्या पिशव्या काढायच्या-घालायच्या असतात. तू लग्नापासून बहात्तरच सांगतोयस. आलास की आधी म्हापशाच्या बाजारात काट्यावर उभा करीन, वहिनीच्या देखत.

तुझा,
मंग्या