ह्रस्व-दीर्घ

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

(दीर्घ ‘शी’ दोनदा तपासून लिहिलाय. विनोद आवडला नसेल तर सोडून दे.)

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर दोनदा लावावासा वाटला. पण फोनवर माझ्या तोंडून नेमकं नको तेच आधी निघतं, म्हणून पत्र. अंगठा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा काम करताना अडतो म्हणून काढून ठेवत नाहीस ना?

चूक दाखवली ती चूकच होती. पण वेळ काय ती! षष्ट्यब्दीच्या आभाराची १४० कार्डं लिहून, वाळवून, रिबिनी बांधून झाल्यावर तू हौसेनं फोटो पाठवलास, आणि ‘छान’ म्हणायच्या आधी मी ‘शुभाशिर्वाद’ मधला ह्रस्व ‘शि’ पकडला. पोस्टात ३४ वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचून लागलेली खोड. मला वाटलं, तू वरून पट्टी चिकटवून मोकळी होशील. तू आतली पानंच काढलीस, नवी कापलीस आणि दोन रात्रींत सगळं पुन्हा लिहिलंस. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं, म्हटलं तर म्हणालीस, “मला कळलं असतं ना!” हे मी इथे कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या काकांना दोनदा. अंगठ्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण तो माझ्यामुळे सुजलाय.

पैशाचं लिहिणार नव्हतो. पण दूधवाल्याच्या वहीमागे हिशेब मांडून झालाच आहे, तर ऐक. कार्डाला ६० रुपये घेतलेस. कागद, रिबीन, पाकीट मिळून १८ गेले. तासाला दोन कार्डं धरली तर ७० तास. हातात ५,८८०, म्हणजे तासाला ८४ रुपये. त्यात त्या दोन रात्री धरलेल्या नाहीत. किंमत सांगताना तू कागदाची सांगतेस, हाताची सांगतच नाहीस. निम्मे पैसे आधी घ्यावेत. मजकूर गिऱ्हाइकाला वाचायला लावून त्याचा होकार लेखी घ्यावा. आणि आठवड्यात किती कार्डं करायची याला काही... बघ, सुरू झालं व्याख्यान. “कागद कापून पोट भरतं का” हे मी रविवारी म्हणालो, तेही म्हणायला नको होतं. माफ कर.

दिवाळीत तुझ्याशेजारी बसून मी नुसता बघत होतो, आठवतं? कागद आधी उभा, मग आडवा वाकवून बघायचीस, जिकडे सहज वळेल तिकडे घडी. पट्टीच्या कडेनं रिकाम्या रिफिलची रेघ, मग घडी. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद रेघेशिवाय दुमडला तर घडीवर फुटतो, हे मला तेव्हा कळलं. आणि श्रावणातली राखीची कार्डं! फेविकॉल जास्त झाला, त्यात दमट हवा, सगळी पापडासारखी वळली. तू ती गादीखाली घालून वर झोपलीस. निम्मी सुधारली, निम्मी मावशीनं वाणसामानाच्या याद्यांना वापरली.

आईचंही असंच सुरू झालं होतं. काजं-बटणं करताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. “एवढी ऑर्डर होऊ दे” म्हणायची. पुढे पातेलं धरायला सांडशी उचलवेना. तुला घाबरवत नाही. तुझं वेगळं असेल. पण रात्री मुंग्या येत असतील तर लपवू नकोस.

पूर्वी नववर्षाच्या सुमारास आमच्याकडे ग्रीटिंगची पोती यायची. पाकिटाची झाप आत खोचलेली, वर ‘बुक पोस्ट’. बहुतेक छापील, आत नुसती सही. ती आता मोबाइलवर गेली. एखादं हातानं केलेलं आलं की लगेच कळायचं, बोटांना उंचवटा लागायचा. टिकली, बटण, काहीबाही. त्यावर मी शिक्का धाडकन मारत नसे, तिकिटाखाली आधी बोट चाचपून मग.

तुझं पहिलं तर बैरंग आलं होतं. सहा वर्षांची होतीस. लग्नपत्रिकेचा गणपती कापून चिकटवलेला, माझ्या खाकी शर्टाचं बटण, पत्त्यावर नुसतं ‘बाबा, पोस्ट’. तिकीट नाही. सगळं पोस्ट हसलं, पण नियम म्हणजे नियम: दुप्पट आकार भरून सोडवून घेतलं. ते कार्ड अजून कपाटात आहे, बटण सुटलंय.

पुढची ऑर्डर पंधरा दिवसांनंतरची घे. मी येतो, पानं कापून देईन, मला सरळ कापता येतं. लिहिणार तूच. आधी अंगठा.

उत्तर लिहू नकोस. फारच वाटलं तर डाव्या हातानं लिही, ह्रस्व-दीर्घ बघणार नाही.

तुझे
बाबा

ता. क. ‘षष्ट्यब्दी’ पहिल्याच खेपेला बरोबर लिहिलं होतंस. आमच्या अर्ध्या पोस्टाला आलं नसतं. तेव्हा सांगायचं राहिलं.