परवानगी मागून बोलणाऱ्यांच्या देशात

हॅम्बुर्ग,
नोव्हेंबर, रविवार

प्रिय मित्रा,

‘आपण इथे जे शिकलो त्यातलं तिकडे किती कामाला येतं?’ असं तू विचारलं होतंस. फोनवर हा विषय निघाला की मी ‘बरं चाललंय’ म्हणून पुढे सरकतो आणि तू ओळखतोस की याला सांगायचं बरंच आहे. म्हणून आज बैठक मारून लिहितोय. रविवारी इथे दुसरं काही करायलाही नसतं. दुकानं बंद, सुपरमार्केटं बंद. रविवारच्या विश्रांतीला इथे चक्क राज्यघटनेचं संरक्षण आहे. जर्मनीच्या १९१९च्या जुन्या, म्हणजे वायमार राज्यघटनेतलं ते कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय. सुट्टी म्हणजे विक्रीचा दिवस, या हिशेबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो.

मी जिथे जाहिरात-विक्रीचं काम बघतो, ती कंपनी स्वयंपाकघरातली उपकरणं बनवते. फार मोठी नाही, पण जुनी आहे. रुजू झालो तेव्हा डोक्यात आपलंच गणित होतं: पत्त्यांची यादी किती मोठी, जाहिरातीचा निरोप किती जणांपर्यंत पोहोचला, त्यातले किती खरेदीकडे वळले. इथे त्या गणिताच्या आधी एक पायरी आहे. समोरच्याने आधी ‘हो’ म्हटलं पाहिजे. ग्राहकाची स्पष्ट पूर्वसंमती नसताना विक्रीसाठी फोन केला तर ३ लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. संमती घेतली असेल तर ती कशी घेतली याची नोंद ५ वर्षं जपून ठेवायची. ईमेलचंही जवळपास तसंच. माणसाने आपला पत्ता दिला तरी आम्ही त्याला आधी फक्त एक खातरजमेचा मेल पाठवतो. त्यातली लिंक त्याने दाबली, तरच तो यादीत येतो. बरेच जण दाबत नाहीत. ते गेले, विषय संपला.

कागदावर हे सगळं बेड्यांसारखं वाटतं. पण मी राहतो त्या इमारतीच्या दारात टपालपेट्यांची रांग आहे आणि बहुतेक पेट्यांवर ‘कृपया जाहिराती नकोत’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे. ती चिठ्ठी पाळावीच लागते, हे इथल्या वरिष्ठ न्यायालयाने १९८८मध्येच ठरवून टाकलंय. रोज येता-जाता त्या पेट्या बघतो आणि आपल्या कामाकडे प्रथमच दाराच्या आतल्या बाजूने बघायला शिकतोय. आपण ज्याला ‘पोहोच’ म्हणायचो, ती आत बसलेल्या माणसाला कशी वाटत असेल, याचा विचार आपण दोघांनी इतक्या वर्षांत कधी नीट केला होता का रे?

सवलतीची गोष्ट तर तुला ऐकवलीच पाहिजे. १९३३चा एक कायदा होता: किरकोळ ग्राहकाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. तो रद्द झाला थेट २००१ साली! म्हणजे आज आमच्या दुकानदारांमध्ये जे पन्नाशीचे आहेत, त्यांनी धंद्याची सुरुवात मोठ्या सवलतीशिवायच केली. आता सूट देता येते, पण २०२२पासून नवा नियम आहे. किंमत उतरवल्याची जाहिरात करायची, तर गेल्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत शेजारी दाखवावी लागते. आधी किंमत फुगवायची आणि मग ‘अर्ध्या दरात’ म्हणायचं, हा मार्गच बंद.

मग विकायचं कशावर? माझं बरंचसं काम या प्रश्नाभोवती फिरतं. इथे १९६४मध्ये संसदेच्या पुढाकाराने एक संस्था उभी राहिली, श्टिफ्टुंग वारेनटेस्ट. ती वस्तू बाजारातून स्वतः विकत घेते, प्रयोगशाळेत तपासून गुण देते आणि आपल्या मासिकात जाहिराती घेत नाही. तिच्याकडून ‘गुट’, म्हणजे ‘चांगलं’, असा शेरा मिळाला की तो शिक्का खोक्यावर छापण्यासाठी कंपन्या पैसे मोजून परवाना घेतात. आमच्या बैठकीत एखादं सुंदर वाक्य मांडलं की तांत्रिक विभागातल्या बाई शांतपणे विचारतात, याला आधार काय? आणि आधार नसेल तर ते वाक्य जातं. ‘सर्वोत्तम’ हा शब्द मी इथे आल्यापासून लिहिलेला नाही. त्याच्या जागी भांडं किती मिनिटांत तापतं ते लिहितो. खरं सांगू, जास्त समाधान मिळतं.

बाकीचं बस्तान कागदपत्रांनी बसलं. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं आणि पुढे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या नोंदणीचा कागद मागतात. ते झालं. विमा झाला, बँक झाली. सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळही निभावला.

माणसं मात्र कागदांवर जुळत नाहीत. आमच्या बैठका इंग्रजीत चालतात, पण जेवणाच्या टेबलावर गप्पा जर्मनमध्ये वळतात आणि मी हसण्याच्या जागा हेरून हसतो. ते दिवस जड गेले. कुणी वाईट वागलं नाही, उलट सगळे नीट बोलायचे. पण संध्याकाळी काम संपलं की प्रत्येक जण आपापल्या घरी, आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडला की आपलं घर फार लहान वाटायला लागतं. जर्मनच्या वर्गाला जाऊ लागलो तेव्हा फरक पडला. जर्मन अजून कच्चंच आहे, पण मोडकंतोडकं का होईना, मी त्यांच्या भाषेत बोलतो म्हटल्यावर ती मंडळी थांबून ऐकतात, चुकलेला शब्द दुरुस्त करून देतात. मग एका सहकाऱ्याने सायकलवर फिरायला येतोस का म्हणून विचारलं. एल्ब नदीच्या खालून १९११ साली बांधलेला बोगदा जातो. सायकलसकट लिफ्टने खाली उतरायचं, नदीच्या पोटातून पलीकडे निघायचं आणि तिथून अख्खं बंदर आणि शहर समोर दिसतं. ‘विचारलं’ हे मला फार मोलाचं वाटलं, कारण इथे कुणी उगाच विचारत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आपण बाजारात उभं राहून गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायला शिकलो, तो काय मागतोय आणि खरं त्याला काय हवंय यातलं अंतर ओळखायला शिकलो, ते इथे रोज कामाला येतं. त्या बाबतीत मी कुणाच्या मागे नाही. आरडाओरडा करून लक्ष वेधण्याची हातोटी मात्र निरुपयोगी आहे आणि तिची मला अजिबात आठवण येत नाही.

इकडे येण्याचं तुझ्या मनात असेल तर भाषा आजपासून सुरू कर, नोकरी हातात येईपर्यंत थांबू नकोस. आणि नसेल, तर तुझ्या एजन्सीत एक प्रयोग कर. एका क्लायंटची सगळी यादी घे, प्रत्येकाला एकदाच विचार की तुम्हाला आमचे निरोप हवेत का. ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच पुढचे तीन महिने लिही. यादी लहान होईल, क्लायंट कुरकुर करेल. त्याला कसं समजवायचं, त्याचा मसुदा मी करून पाठवतो. काय आकडे येतात ते मला हवेत, खरे हवेत.

काकूंना नमस्कार सांग. जूनमध्ये ये, तेव्हा इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. तुझ्यासाठी सायकल मागून ठेवतो.

तुझाच,
जुना भागीदार